अश्वशक्ती : मिनिटाचा हिशेब आणि दिवसाचा



वसंत व्याख्यानमालेत शिवकाल, संतवाङ्मय, अर्थकारण असे विषय ऐकण्याची आपली सवय. तेथे छोट्या मोटारीच्या इंजिनातून जास्त अश्वशक्ती कशी काढतात हा विषय घेऊन एक युनियनवाला उभा राहतो, म्हणजे एकतर विषय चुकला किंवा माणूस चुकला, असे कुणाला वाटले तर नवल नाही. माझे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर सुटले; पुढचे जे काही झाले ते यंत्रापाशी उभे राहून आणि रात्री वाचनालयाची पुस्तके चाळून झाले. त्या वाचनात मला एक गोष्ट वारंवार दिसली. यंत्रातून जास्त काम काढण्याचा इतिहास आणि माणसाकडून जास्त काम काढण्याचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास नाहीत. पुष्कळदा ते एकाच छपराखाली घडले आहेत. आज मी अशाच एका छपराची गोष्ट सांगणार आहे. पण तिथवर जाण्याआधी अश्वशक्ती म्हणजे काय आणि इंजिनाचा भाता म्हणजे काय, हे समजून घ्यावे लागेल.

अश्वशक्ती हे माप प्रयोगशाळेत जन्मले नाही, ते भाड्याच्या हिशेबात जन्मले. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन हे वाफेची यंत्रे उभारून देत आणि त्याबद्दल दरसाल पैसे घेत. जेथे जुने न्यूकोमेन यंत्र होते तेथे वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग ते मागत. पण जेथे आधी यंत्रच नव्हते, घोडेच रहाट ओढत होते, तेथे कोळसा कुठला मोजणार? तेव्हा 1782-83 च्या सुमारास वॉटने घोड्याच्या कामाचे माप बसवले : एका मिनिटात 33,000 पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापाने सुमारे 746 वॉट. इतके काम साधा घोडा दिवसभर करीत नाही. वॉटच्याही आधीचा नामांकित अभियंता जॉन स्मीटन याने घोड्याच्या कामाचा अंदाज याहून बराच कमी धरला होता.

येथे एक बारीकशी गोष्ट ध्यानात घ्या. हे माप मिनिटाचे आहे. एका मिनिटात किती काम झाले एवढेच ते सांगते. ते काम दिवसभर चालेल का, वर्षभर चालेल का, आणि चालवले तर त्या घोड्याचे काय होईल, याबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. पुढचे सव्वादोनशेहून अधिक वर्षांचे पुष्कळसे तंटे या एका मुक्या जागेतून निघाले आहेत.

आता भात्याकडे वळू. मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहाल तर ते मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एवढी हवा म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोलीभर हवा. पेट्रोल कितीही ओता. हवा अपुरी असेल तर काळा धूर निघेल, जोर निघणार नाही. साधे इंजिन आपल्या दट्ट्याच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवते. जास्त हवा हवी असेल तर दोन वाटा : एकतर इंजिन मोठे करा, नाहीतर छोट्याच इंजिनात हवा कोंबा. लोहाराला हे शिकवावे लागत नाही. कोळसा तोच, भट्टी तीच. भाता जोरात चालवला की लोखंड लाल होते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाताच होय.

आणि ही केवळ उपमा नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावी फिलँडर रूट्स आणि फ्रान्सिस रूट्स या दोघा भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीचे जलचक्र सुधारण्याच्या खटपटीतून त्यांच्या हाती एक यंत्र आले. एका पेटीत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दोन पाती एकमेकांत गुंतून, पण एकमेकांना न शिवता फिरतात आणि दर फेऱ्याला हवेचा एक ठरावीक घास पुढे ढकलतात. पाण्यासाठी नव्हे, तर हवेसाठी ते उत्तम ठरले. 1860 साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले, आणि ते यंत्र ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा पुरवू लागले. आज मोटारीत जो रूट्स जातीचा सुपरचार्जर बसतो, त्याचे मूळ असे गिरणीत आणि भट्टीपाशी आहे.

इंजिनात हवा कोंबण्याची कल्पना जर्मनीत गॉटलीब डाइमलरने 1885 मध्येच पेटंटात नोंदवली होती. पण बाजारात विकण्याजोग्या मोटारी यायला 1921 साल उजाडले. त्या वर्षीच्या बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने भात्याच्या दोन मोटारी मांडल्या. त्यांतली लहान पुढे 6/25/40 या नावाने ओळखली गेली. पहिला आकडा सरकारी कराच्या अश्वशक्तीचा, दुसरा भाता न लावता मिळणाऱ्या अश्वशक्तीचा, तिसरा भाता लावून मिळणाऱ्या. सुमारे दीड लिटरचे इंजिन, पण 25 चे 40 झाले! मात्र हा भाता सतत चालत नसे. पायटा तळापर्यंत दाबला की तो जोडला जाई, आणि चढावर किंवा पुढच्या गाडीला मागे टाकताना थोड्या वेळापुरताच वापरावा अशी त्याची रीत होती. म्हणजे बनवणाऱ्यांना ठाऊक होते की 40 हा आकडा मिनिटाचा आहे आणि 25 हा दिवसाचा.

शर्यतीच्या लोकांना मात्र मिनिटाचाच मोह. 1923 साली मोंझा येथे फिआटच्या भात्याच्या मोटारीने इटलीची ग्रां प्री जिंकली. मोठ्या शर्यतीतला भात्याचा हा पहिला विजय. मग सगळेच त्या मागे लागले. इंग्लंडात बेंटली कंपनीत यावरून चांगलाच वाद झाला. टिम बर्किन नावाचा सरदार घराण्यातला शर्यतपटू साडेचार लिटरच्या बेंटलीला भाता लावा म्हणून हट्ट धरून बसला. कंपनीचा संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली याचा विरोध होता. जोर हवा असेल तर इंजिन मोठे करावे, आहे त्याची मुंडी पिळू नये, असे त्याचे मत. बर्किनने पैसे उभे करून आपलेच खरे केले. सुमारे 110 अश्वशक्तीचे इंजिन शर्यतीसाठी 240 पर्यंत गेले. 1930 च्या ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत बर्किनने सर्वांत वेगवान फेरी मारली. पण भात्याच्या दोन्ही बेंटली शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. त्यांच्याशी झुंजणारी भात्याची मर्सिडीजही बाद झाली. पहिल्या दोन जागा मिळाल्या त्या भाता नसलेल्या, मोठ्या इंजिनाच्या बेंटलींना. फेरी बर्किनची, दिवस बेंटलीचा.

यावरून भाता वाईट असा निष्कर्ष मात्र काढू नका. पुढल्या सत्तर वर्षांत अभियंत्यांनी त्याला शहाणे केले. कसे केले ते एका छोट्या मोटारीच्या उदाहरणाने सांगतो. 2005 ते 2007 या तीन वर्षांच्या श्रेणीत शेवरोलेची कोबाल्ट एसएस नावाची भात्याची छोटी मोटार अमेरिकेत विकली गेली. साध्या कोबाल्टचे इंजिन 2.2 लिटरचे, सुमारे 145 अश्वशक्तीचे. एसएसचे इंजिन त्याहून लहान, 2 लिटरचे, पण अश्वशक्ती 205. हे साधले कसे?

तिचा भाता ईटन कंपनीचा, एका फेऱ्यात 62 घन इंच, म्हणजे साधारण 1 लिटर हवा ढकलणारा. दोन लिटरचे चारटप्पी इंजिन आपल्या दोन फेऱ्यांत 2 लिटर, म्हणजे फेऱ्यागणिक 1 लिटर हवा घेते. तेव्हा भाता आणि इंजिन सारख्या वेगाने फिरले तर कोंबण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून इंजिनावरच्या पट्ट्याने भाता इंजिनापेक्षा वेगाने फिरवतात. घरातले शिलाई यंत्र आठवा : खाली मोठे चाक, वर लहान चाक, म्हणून वरचे भराभर फिरते. भात्याच्या आसावरची पुली जितकी लहान, तितका भाता वेगवान आणि हवेचा दाब जास्त. एसएसमध्ये हा दाब वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे 12 पौंडांपर्यंत जाई.

तेव्हा हौशी तरुणांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? पुली काढून लहान बसवली. पण येथेच मिनिटाचा आणि दिवसाचा हिशेब समोरासमोर येतो. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी हाताला चटका देते हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे जी दाटी करायला निघालो तीच कमी होते. शिवाय गरम मिश्रण ठिणगीने पेटलेल्या ज्योतीची वाट न पाहता आपणहून भलत्या वेळी भडकते आणि दट्ट्यावर हातोडा बसावा तसे ठोके पडतात. याला नॉकिंग म्हणतात. इंजिनाच्या दट्ट्यांना भोके पाडण्याचे काम ते थोड्या वेळात करू शकते. हवा वाढली आणि पेट्रोल तितकेच राहिले तर उष्णता आणखी चढते. आणि भाता फुकट फिरत नाही. त्याला लागणारा जोर इंजिनाच्याच कमाईतून जातो. पुली लहान करीत गेलात तर एक वेळ अशी येते की भाता जेवढे मिळवून देतो तेवढे स्वतःच खाऊन टाकतो.

म्हणून जाणता कारागीर पुलीपासून सुरुवात करीत नाही. तो आधी हवा थंड करण्याची व्यवस्था पाहतो, पेट्रोल सोडणारी मोठी इंजेक्टर बसवतो, धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी करतो, ठिणगीची वेळ पुन्हा बांधतो, चांगल्या प्रतीचे पेट्रोल वापरतो, आणि मग शेवटी पुलीला हात लावतो. खुद्द जनरल मोटर्सने असे टप्प्याटप्प्याचे संच विकले. दुसऱ्या टप्प्याच्या संचाने 205 चा आकडा 240 च्या आसपास गेला. आणि मूळ इंजिनातही काळजी किती घेतली होती पाहा! भात्यातून निघालेली हवा थंड करण्यासाठी पाण्याचे शीतक होते, दट्ट्यांच्या पोटावर तेलाचा फवारा मारणाऱ्या चिमुकल्या तोट्या होत्या, तेल थंड करण्याची सोय होती. शिवाय इंजिनाला एक कान होता. नॉकिंगचा पहिला ठोका ऐकताच संगणक ठिणगी मागे घेई आणि जोर कमी करी. जास्त मागायचे असेल तर आधी सोसण्याची शक्ती द्यावी, आणि सोसवेना झाले की ऐकावे, हे तत्त्व त्या इंजिनात पुरेपूर पाळले होते.

आता मी ज्या छपराची गोष्ट सांगणार म्हणालो तिथे येऊ. कोबाल्ट मोटारी ओहायओ राज्यातील लॉर्डस्टाउन येथे जोडल्या जात. 1966 साली उघडलेल्या या कारखान्याला कामगार चळवळीच्या इतिहासात मोठे नाव आहे, आणि ते कोबाल्टच्या तीस वर्षे आधीच पडलेले आहे. 1970 मध्ये तेथे शेवरोले व्हेगा या छोट्या मोटारीचे उत्पादन सुरू झाले. जपानी आणि जर्मन छोट्या मोटारींना तोंड देण्यासाठी ही मोटार स्वस्तात आणि झपाट्याने निघायला हवी होती. अमेरिकेत त्या काळी लाइनीवरून तासाला साठाच्या आसपास मोटारी निघत. लॉर्डस्टाउनचे उद्दिष्ट तासाला शंभराचे. साठ मोटारी म्हणजे प्रत्येक कामगाराला एका मोटारीमागे एक मिनिट. शंभर म्हणजे 36 सेकंद. मोटारीचा भाता नव्हे, पण हीसुद्धा पुली लहान करण्याचीच युक्ती होती. फक्त पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता.

1971 च्या ऑक्टोबरात कारखान्याचा कारभार कंपनीच्या जोडणी विभागाकडे गेला. युनियनच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे 700 कामगार कमी केले गेले. कंपनी आकडा कमी सांगत होती. लाइनीचा वेग तोच, माणसे कमी, म्हणजे उरलेल्यांच्या 36 सेकंदांत शेजाऱ्याचेही काम. कामगार बहुतेक पंचविशीच्या आसपासचे. त्यांनी लेखी तक्रारी केल्या, त्या सुमारे पाच हजार झाल्या. मोटारी अर्धवट जोडलेल्या निघू लागल्या. कंपनी म्हणाली, मुद्दाम बिघडवता. कामगार म्हणाले, हात पोहोचतच नाहीत. अखेर संपाच्या मतदानात सुमारे 97 टक्के मते संपाच्या बाजूने पडली आणि 1972 च्या मार्चमध्ये 22 दिवस संप झाला. स्थानिक युनियनचा अध्यक्ष गॅरी ब्रायनर हा त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष देण्यास गेला. बहुतेक कामगार कामावर परत आले. पण तासाला शंभराचे उद्दिष्ट कंपनीने सोडले नाही.

ज्या सभागृहात गिरणगावच्या आठवणी जिवंत आहेत तेथे याचा अर्थ फोडून सांगायला नको. 1928 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला तो याच प्रश्नावर. विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, असे मालक म्हणत होते. साचे वाढले, विणकराचे हात दोनच राहिले.

मला येथे कंपनीच्या अभियंत्यांवर दात धरायचा नाही. मला फक्त दोन ठोक्यांची तुलना करायची आहे. 2005 च्या इंजिनात धातूचा एक ठोका पडला तर सेकंदाच्या अल्पांशात ऐकला जाई आणि जोर आपोआप कमी होई. 1972 च्या लॉर्डस्टाउनमध्ये माणसांनी कागदावर पाच हजार ठोके दिले. ते ऐकू यायला 22 दिवसांचा संप लागला. धातूची सोसण्याची मर्यादा आधी मोजून ठेवली होती. माणसाची मर्यादा मोजायचे कुणी मनावर घेतले नव्हते. आणि घाईचे फळ त्या मोटारीलाही भोगावे लागले. लोखंडी अस्तराविना बनवलेले व्हेगाचे अल्युमिनियमचे इंजिन तापण्याबद्दल बदनाम झाले, 1972 मध्ये मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि 1977 साली ते नाव बाजारातून गेले.

कोबाल्टच्या कथेलाही असाच एक काळा अध्याय आहे. इंजिनाची एवढी निगा राखणाऱ्या कंपनीच्या या मोटारीत किल्लीचा स्विच दुबळा होता. त्याच्या आतल्या स्प्रिंगचा जोर इतका कमी की किल्लीला धक्का लागला किंवा जड जुडगा लटकला तर ती चालत्या मोटारीत घसरे. इंजिन बंद पडे, सुकाणू जड होई, आणि अपघातात हवेच्या पिशव्या उघडत नसत. 2014 मध्ये कोबाल्टसह सुमारे 26 लाख छोट्या मोटारी परत बोलवण्यात आल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. अमेरिकन काँग्रेसपुढच्या सुनावणीत हा भाग सुधारण्याचा खर्च 57 सेंट सांगण्यात आला. अश्वशक्तीचा आकडा जाहिरातीत छापला जातो. स्प्रिंगच्या जोराचा आकडा कुठेच छापला जात नाही. म्हणून तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही असे नव्हे, पण ज्यांचे गेले त्यांचे म्हणणे वर पोहोचायला वर्षे लागली.

लॉर्डस्टाउनच्या लाइनीवरून शेवटची मोटार मार्च 2019 मध्ये उतरली. कंपनीने ‘बंद’ हा शब्द टाळून या कारखान्याला पुढचे काम नेमून दिलेले नाही, अशी भाषा वापरली. ही भाषा आपल्यालाही नवी नाही. त्याच जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्यास सुरुवात केली आणि 1954 मध्ये ते काम आवरले. 2008 साली तिने पुणे जिल्ह्यात तळेगावला छोट्या मोटारींचा कारखाना उघडला, आणि डिसेंबर 2020 मध्ये तेथली लाइनही थांबली. तेथल्या कामगारांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कारखान्याची जागा आणि यंत्रे पुढे दुसऱ्या मोटार कंपनीने घेतली. यंत्राला गिऱ्हाईक लवकर मिळते. चाळिशीतल्या कामगाराला तसे मिळत नाही.

मंडळी, वेगाला माझा विरोध नाही. जो तरुण स्वतःच्या कमाईच्या छोट्या मोटारीपाशी रविवारभर बसतो, पुली मोजतो, उष्णता मोजतो, ठोका पडतो का म्हणून कान लावतो, त्याच्या कसबाचा मला आदर आहे. तो कामगाराचाच गुण आहे. माझे मागणे एवढेच, की इंजिनाबाबत जो न्याय आपण बिनतक्रार पाळतो, तो ते इंजिन जोडणाऱ्या माणसाला लावावा. इंजिनाचा जोर वाढवण्याआधी आपण विचारतो, उष्णता कुठे जाणार? कामाचा वेग वाढवण्याआधीही हाच प्रश्न विचारावा. आणि लाइनीवरचा कुणी चिठ्ठी लिहून देऊ लागला, की हे अंगाला झेपत नाही, तर त्याला कामचुकार म्हणण्यापूर्वी एवढे आठवावे, की शहाण्या इंजिनात असा आवाज ऐकण्यासाठी मुद्दाम कान बसवलेला असतो. कारखान्यात त्या कानाला युनियन म्हणतात.